'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' : याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

वैनगंगा
नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. सध्या वाक्प्रचार चालू आहेत आणि वर्गाची गाडी 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग'पाशी अडली आहे.

मुलांच्या हातातल्या गाइडात याचा अर्थ दोन शब्दांत दिलाय : 'बिंग फोडणे'. मुलं तेच पाठ करतात, पेपरात तेच लिहितात, मार्कही मिळतात. मला मात्र हा अर्थ डाचतो. समजा आजोबांच्या पंच्याहत्तरीची घरात गुपचूप तयारी चालली आहे आणि धाकट्या नातवाने त्यांनाच जाऊन विचारलं, "आबा, तुम्ही हॉलवर कोणता सदरा घालणार?" इंग्रजीत इथे मांजर पिशवीबाहेर पडलं. मराठीत 'नातवाने बिंग फोडलं' म्हटलं तर घरच्यांनी आबांची जमीन परस्पर विकली होती असं वाटतं. बिंग लबाडीचं फुटतं. आनंदाच्या गुपिताला तो शब्द लावला की उगीच डाग लागतो.

तर चपखल मराठी काय सांगावं? आणि मुलं हटकून विचारतात की मांजर पिशवीत गेलंच कशाला, त्याचं काय उत्तर द्यायचं? शिवाय 'स्पिल द बीन्स' (शब्दशः दाणे सांडणे, म्हणजे गुपित सांगणे) आणि हे एकच की वेगळं, यावर शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले आहेत. जाणकारांनी लिहावं.

मिरजेचा_सतारिया
गुपित फोडणे. झालं की.

चिंगी
शीर्षक वाचून मांजरांचा धागा समजून आले होते. आलेच आहे तर बसते.

शब्दवेडी
वैनगंगाताई, बिंगाबद्दल थोडी असहमत. आमच्याकडे बिंग लाडानेही फुटतं. मैत्रिणीचं लग्न ठरलं, तिने कोणाला सांगितलं नाही, आणि बोटातली अंगठी कोणाच्या तरी नजरेस पडली, की "फुटलं गं तुझं बिंग!" असंच ओरडतो आम्ही. त्यात कोणी तिला लबाड म्हणत नाही.

वैनगंगा
शब्दवेडी, मान्य. पण तिथे तुम्ही तिला लटक्या रागाने लबाड म्हणताच आहात ना? "सांगितलं नाहीस, थांब आता" हा भाव त्यात आहे. मजा त्या खोट्या आरोपातूनच येते. आणि बोलणारी तुमच्यासारखी जवळची हवी. वर्तमानपत्रात 'अमक्या जोडप्याचं बिंग फुटलं' असं छापून आलं तर ते लोक वकिलाकडे जातील.

शब्दवेडी
हे पटलं. वाक्प्रचार तोच, पण कोण कोणाला म्हणतंय यावर धार ठरते. गाइडवाल्यांना एवढं लिहायला दोन ओळी जास्त लागल्या असत्या.

कोकणी_काजू
आमच्या आजीचा शब्द : "तेच्या तोंडात तीळ भिजना नाय." हा वाक्प्रचार सगळ्या महाराष्ट्रात आहे, पण मालवणीत ऐकायला जास्त गोड. तिळाएवढा दाणा तोंडात भिजेपर्यंतही ज्याला गप्प बसवत नाही, असा माणूस. तुमचा तो धाकटा नातू अगदी हाच.

दुभाषी
काजू, वाक्प्रचार सुरेख, पण तो माणसाचा स्वभाव सांगतो. इंग्रजी मांजर घटना सांगतं. एरवी पोटात सगळं ठेवणाऱ्या माणसाच्या हातूनही मांजर एकदा सुटू शकतं.

मी अनुवादाचं काम करते आणि हे मांजर मला दर महिन्याला कुठेतरी भेटतं. मी वाक्प्रचाराला वाक्प्रचार शोधणं सोडून दिलंय. मराठीत ही निसटण्याची छटा क्रियापदात बसते. 'बोलून गेला', 'सांगून बसली', 'तोंडून निसटलं', 'पचकलास ना शेवटी!' बघा, 'सांगितलं' आणि 'सांगून बसली' यात केवढं अंतर आहे. त्या 'बसली'मध्ये चूक आहे, हळहळ आहे, आणि आता परत घेता येत नाही हेही आहे. हे सगळं सांगायला इंग्रजीला मांजर आणि पिशवी लागली. आपलं काम सहायक क्रियापदावर भागतं. म्हणून नातवाचं वाक्य मी असं करीन : 'नातू आबांपुढे सगळं बोलून बसला.'

वैनगंगा
दुभाषी, हे फार कामाचं आहे. फळ्यावर 'सांगितलं / सांगून टाकलं / सांगून बसला' शेजारी शेजारी लिहून मुलांनाच फरक विचारते. 'टाकलं'मध्ये मोकळं होणं येतं, 'बसला'मध्ये पस्तावणं. मुलांना हे आतून माहीत असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

डेकवरचा_दादा
मांजर कुठून आलं यावर लिहितो. मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं. जहाजावर हमखास ऐकू येणारी गोष्ट अशी : जुन्या ब्रिटिश आरमारात शिक्षेसाठी नऊ दोऱ्यांचा चाबूक असे. त्याचं नाव 'कॅट ओ' नाइन टेल्स', म्हणजे नऊ शेपट्यांचं मांजर. पाठीवर उठणारे वळ मांजराने ओरबाडल्यासारखे दिसत, म्हणून ते नाव. हा चाबूक तांबड्या बेझच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या पिशवीत ठेवत. सगळ्या खलाशांना डेकवर उभं करायचे आणि बोसनचा मेट, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा मदतनीस, सर्वांसमोर पिशवीतून चाबूक बाहेर काढायचा.

गोष्ट खरी आहे, चाबूक खरा आहे, पिशवीही खरी आहे. पण वाक्प्रचार तिथून आला असं मला वाटत नाही. चाबूक पिशवीतून निघाला तेव्हा कोणतं गुपित फुटलं? फटके कोणाला आणि कशासाठी, हे साऱ्या जहाजाला आधीच ठाऊक असे. तिथे पिशवी उघडली म्हणजे शिक्षा सुरू झाली. हा अर्थ वाक्प्रचारात कुठेच उरलेला नाही. खलाशी मंडळी प्रत्येक इंग्रजी शब्द समुद्रातून आला असं सांगत असतात. सगळंच मनावर घेऊ नये.

जुनी_पोथी
डेकवरच्या दादांच्या मुद्द्याला जोरदार दुजोरा. छापील पुराव्यात हा वाक्प्रचार १७६० साली 'लंडन मॅगझिन'मधल्या एका पुस्तक-परीक्षणात सापडतो. लेखकाने मांजर पिशवीबाहेर सोडलं नसतं तर बरं झालं असतं, अशी समीक्षकाची तक्रार आहे. लक्षात घ्या, समीक्षक त्याचा अर्थ समजावत बसलेला नाही. म्हणजे वाचकांना तो आधीपासून ठाऊक असणार.

दुसरी व्युत्पत्ती बाजाराची आहे. जत्रेत डुकराचं पिल्लू पोत्यात बांधून विकायचं आणि लबाड विक्रेता त्या पोत्यात पिल्लाऐवजी मांजर भरायचा. घरी जाऊन किंवा बाजारातच गिऱ्हाइकाने पोतं सोडलं की मांजर बाहेर आणि लबाडी उघडी. इंग्रजीत 'न बघता पोत्यातलं डुकराचं पिल्लू घेऊ नये' या अर्थाचा 'अ पिग इन अ पोक' हा वाक्प्रचार सोळाव्या शतकापासून आहे. 'पोक' म्हणजे पोतं किंवा पिशवी. आपण रोज वापरतो तो 'पॉकेट' म्हणजे या 'पोक'चंच धाकटं रूप. दोन्ही वाक्प्रचार एकाच बाजारातले असावेत अशी कल्पना आहे. सरळ पुरावा कोणी दाखवलेला नाही, पण शेजारच्या भाषांमध्ये याचे भाऊबंद आहेत.

राइनकाठची_रेवा
भाऊबंद मी सांगते, जर्मनीत राहते. इथे दोन्ही वाक्प्रचारांत मांजरच आहे. 'डी काट्झं इम झाक काउफन' म्हणजे पोत्यातलं मांजर विकत घेणं, न बघता व्यवहार करणं. आणि 'डी काट्झं आउस डेम झाक लासन' म्हणजे पोत्यातून मांजर सोडणं, गुपित किंवा मनातला बेत उघड करणं. एकाच पोत्याचे हे दोन टप्पे शेजारी ठेवले की पोथीकाकांची बाजारवाली गोष्ट बरीच पटते. डच लोकही पोत्यातलं मांजर विकत घेतात. फ्रेंचमध्येही 'पोशमधलं', म्हणजे पिशवीतलं, 'मांजर विकत घेणं' आहे. स्पॅनिश लोक 'सशाऐवजी मांजर देणं' म्हणतात, तिथे फसवणूक ताटापर्यंत पोचली.

एक फरक मात्र रोज जाणवतो. जर्मन मांजर बरेचदा मुद्दाम सोडलेलं असतं. एखादा पुढारी महिनोन् महिने गोलमोल बोलतो आणि एक दिवस निवडणूक लढवणार असं जाहीर करतो, तेव्हा बातमीत येतं की अखेर त्याने मांजर पोत्यातून सोडलं. इंग्रजी मांजर बहुतेक वेळा निसटतं.

माणदेशी
पण मंडळी, पोत्यात मांजर भरलं तर ते गप्प बसेल का? म्यांव करील, नखांनी पोतं फाडील. डुकराच्या पिल्लाचं अंग घट्ट, मांजराचं लवचीक. पोतं उचललं की गावच्या पोराला कळेल. ज्याने आयुष्यात जनावर विकत घेतलंय तो या गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही. आमच्याकडे बैल घेताना जबडा उघडून दात मोजल्याशिवाय कोणी पैशाची गोष्ट काढत नाही.

बाजारातल्या गुपिताचंच म्हणाल तर सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात या. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल नाहीतर उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून भाव करतात. तोंडाने आकडा निघत नाही. चारी बाजूंनी माणसं उभी असतात, सगळे त्या कापडाकडे टक लावून बघतात, पण कापडाखाली किती बोटं धरली आणि किती सोडली हे त्या दोघांनाच कळतं. भाव जमला नाही तर नुसती मान हलते. मग दलाल रुमाल झटकतो आणि तेच हात दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे करतो. पहिल्याने किती देऊ केले होते हे दुसऱ्याला कळत नाही, म्हणूनच धंदा चालतो. मी लहानपणी वडिलांच्या काखेखालून डोकं घालून कापडाखाली बघायचो आणि टपली खायचो.

चिंगी
माणदेशी दादा, हे वाचून अंगावर काटा आला. बोटांचा हिशेब कसा असतो? एक बोट म्हणजे शंभर की हजार?

माणदेशी
चिंगी, ते जनावरावर ठरतं. दात बघितले, चाल बघितली की भाव कोणत्या घरात जाणार हे दोघांनाही आधीच कळलेलं असतं. बोटं फक्त वरचा आकडा सांगतात. शेळीला आणि खिलारी बैलाला एकच बोट एकच रक्कम दाखवत नाही.

जुनी_पोथी
माणदेशींचा आक्षेप रास्त आहे, आणि मांजर गप्प बसणार नाही ही शंका अभ्यासकांनीही काढली आहे. पण म्हण तयार व्हायला फसवणूक रोज यशस्वी व्हावी लागत नाही. गोष्ट लोकांच्या तोंडी असली तरी पुरते. 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' म्हणण्याआधी किती जणांनी खरोखर भांडं लपवलं हे आपण मोजलेलं नाही.

सराफकट्टा
लबाडीचा विषय निघालाय तर 'पितळ उघडे पडणे' यावर लिहितो. आमचं सराफीचं दुकान आहे, जळगावकडे. गाइडांमध्ये 'बिंग फुटणे'च्या शेजारी हाही समानार्थी म्हणून देतात. तो समानार्थी नाही.

सोन्याचा मुलामा दिलेली पितळी बांगडी नवी असताना नजरेला फसवते. वापरात कडा आधी झिजतात, जिथे दुसरी बांगडी घासते तिथे, आणि आतला फिकट पिवळा दिसायला लागतो. संशय आला की आम्ही काळ्या कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो आणि वर नायट्रिक आम्लाचा थेंब सोडतो. सोनं असेल तर रेघ तशीच राहते. पितळ असेल तर रेघ डोळ्यांदेखत विरून जाते. दागिन्यावरच थेंब पडला तर हिरवा फेस येतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, बहुतेक वेळा बाई, आईकडून आलेला दागिना घेऊन. तो हिरवा फेस बघताना तिचा चेहरा बघवत नाही.

तर मुद्दा असा की पितळ बोलून उघडं पडत नाही, ते घासून पडतं. माणसाची खरी लायकी प्रसंगाने दिसते, तिथे हा वाक्प्रचार वापरावा. कोणी चुगली केली, कोणी चुकून बोललं, तिथे हा नको.

शब्दवेडी
सराफकट्टा, प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. याच न्यायाने 'चव्हाट्यावर येणे' पण वेगळं. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. गुपित घरातच एकाने दुसऱ्याला सांगितलं तर ते चव्हाट्यावर येत नाही. गावभर व्हावं लागतं.

दुभाषी
आणि 'गौप्यस्फोट' फक्त वर्तमानपत्रात होतो. आबांच्या पंच्याहत्तरीचा गौप्यस्फोट झाला असं कोणी घरात म्हणणार नाही. 'भांडाफोड' हिंदीतून आलाय, मला तो मराठीत खुपतो. पण आता बातम्यांत इतका रुळलाय की भांडून उपयोग नाही.

मिरजेचा_सतारिया
संस्कृतात याची किती छान सोय आहे बघा. पंचतंत्रात ओळ आहे, 'षट्कर्णो भिद्यते मन्त्रः'. गुप्त बोलणं चार कानांत असेपर्यंत, म्हणजे दोघांत असेपर्यंत टिकतं. सहा कानांत गेलं की फुटतं. मराठीतला 'षट्कर्णी होणे' तिथलाच. आणि फुटण्याचं क्रियापदही तिथपासून आहे, बिंग फुटतं, बातमी फुटते, पेपर फुटतो. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं 'गुपित फोडणे' त्याच घराण्यातलं, म्हणून मी अजूनही त्यालाच धरून आहे.

वैनगंगा
सतारिया, 'फुटणे' हे क्रियापद मलाही हवंच आहे, फक्त त्यामागे बिंग नको. 'गोड बातमी फुटली' कसं वाटतं? आमच्याकडे तीन महिने पुरे होईपर्यंत गोड बातमी सांगत नाहीत, आणि कोणी ना कोणी आधी सांगून मोकळं होतंच. तिथे आम्ही सर्रास 'बातमी फुटली' म्हणतो. लबाडीचा वासही नाही.

कोकणी_काजू
'बातमी फुटली' झकास. गणपतीतही हेच. मंडळं देखावा पडद्याआड ठेवतात, आणि एखादा कार्यकर्ता उत्साहाच्या भरात फोटो पाठवून देतो. मग दुसऱ्या दिवशी मांडवात भांडण, "देखावा फोडला कोणी?"

जेन_झेड_जुई
आमच्या ताईने आईच्या पन्नाशीचा ग्रुप केला, सरप्राइजसाठी. त्यात सगळे नातेवाईक ॲड केले आणि आईलाही ॲड केलं. आईने पहिला मेसेज टाकला, "केक बिनअंड्याचा सांगा."

बाय द वे, आता कोणी 'स्पिल द बीन्स' म्हणत नाही. 'स्पिल द टी' म्हणतात. कॉलेजात मराठीतसुद्धा "चल, टी सांग" चालतं.

माणदेशी
जुई, चहा सांडायचा कशाला? आणि बीन्स तरी कशाला?

पुणेरी_तात्पर्य
बीन्सचं मी सांगतो. प्राचीन ग्रीसमध्ये मतदान घेवड्याच्या दाण्यांनी होई. पांढरा दाणा होकार, काळा दाणा नकार, सगळे एका घड्यात टाकायचे. मोजणीआधी कोणाचा धक्का लागून घडा लवंडला की दाणे सांडले आणि निकाल फुटला. तिथून 'स्पिल द बीन्स'. हे सर्वमान्य आहे.

जुनी_पोथी
तात्पर्यराव, गोष्ट गोड आहे पण जुळत नाही. अथेन्समध्ये दाणे होते हे खरं. अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे दाण्यांवर निवडले जात. सॉक्रेटिस या पद्धतीला मूर्खपणा म्हणतो असा त्याच्यावर आरोप होता, असं त्याचा शिष्य झेनोफोन सांगतो : सुकाणू धरणारा माणूस आपण दाण्यावर निवडत नाही, मग राज्य चालवणारा का निवडावा?

न्यायसभेत मात्र आधी खडे वापरत आणि पुढे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, काशाच्या चकत्या. प्रत्येक चकतीच्या मधोमध एक छोटी दांडी असे, एकीत पोकळ, दुसरीत भरीव. पंचाला दोन्ही मिळत. तो अंगठा आणि बोट दांडीच्या दोन टोकांवर दाबून धरी, म्हणजे पोकळ कोणती आणि भरीव कोणती हे शेजाऱ्याला दिसत नसे, आणि हवी ती चकती मताच्या घड्यात टाकी. अशा चकत्या उत्खननात सापडल्या आहेत. माणदेशींच्या रुमालाखालच्या बोटांशी याचं फार जवळचं नातं आहे.

आता 'स्पिल द बीन्स'. हा वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकन वर्तमानपत्रांत दिसायला लागतो, आणि तिथेही सुरुवातीचा अर्थ 'जमलेला डाव उधळणे' असा होता. गुपित सांगण्याचा अर्थ नंतर ठरला. ग्रीक घडा आणि अमेरिकन वर्तमानपत्र यांमध्ये दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत आणि त्या सगळ्या काळात कोणीच दाणे सांडल्याचा उल्लेख करत नाही. मात्र नुसतं 'स्पिल' हे क्रियापद गुपित सांगण्याच्या अर्थाने इंग्रजीत सोळाव्या शतकात सापडतं. म्हणजे सांडणं जुनं, दाणे नवे.

पुणेरी_तात्पर्य
चकत्यांची माहिती नवीन होती, आभार. घड्याची गोष्ट इतक्या ठिकाणी वाचली आहे की सोडवत नाही. पण दोन हजार वर्षांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

राइनकाठची_रेवा
जुईच्या चहाबद्दल : तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलाकारांच्या बोलीतून आला. तिथे 'टी' हे अक्षर होतं, 'ट्रुथ'चं पहिलं अक्षर. कोणाचा टी म्हणजे कोणाचं खरं काय ते. पुढे अक्षराचा चहा झाला आणि चहा म्हटल्यावर सांडणं आलंच. मात्र 'टी'मध्ये दुसऱ्याबद्दलच्या चटकदार गप्पा असतात. आबांच्या पंच्याहत्तरीला तोही लागू नाही.

वार्ताहर_निवृत्त
एक अवांतर, पण विषयाला लागून. 'ब्लो द व्हिसल' मुलांना याच यादीत शिकवतात आणि तेही 'बिंग फोडणे'च. मी अनेक वर्षं जिल्ह्याची बातमीदारी केली आहे. कार्यालयातला साधा कारकून निविदेतली चोरी जिवावर उदार होऊन बाहेर आणतो, तेव्हा तो 'गुपित फोडतो' असं म्हणणं हा त्याचा अपमान आहे. मराठी वर्तमानपत्रांनी यासाठी 'जागल्या' हा शब्द वापरला, आणि तो मला फार आवडतो. जागल्या म्हणजे रात्री गावाचा जागता पहारा देणारा. चोर दिसला की ओरडणं हे त्याचं काम. २०१४ मध्ये संसदेने अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याच्या बातम्यांत आम्ही हाच शब्द लिहायचो.

माझ्या ओळखीच्या एका माणसाने असं केलं आणि त्याला दूरच्या गावी बदलीवर जावं लागलं. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही. पण शाळेत शिकवताना एवढं जरूर सांगा की मांजर चुकून सुटतं आणि शिट्टी माणूस ठरवून वाजवतो. या दोघांना एका ओळीत बसवू नका.

शब्दवेडी
काका, सलाम. धाग्यातला सर्वात महत्त्वाचा फरक तुम्ही सांगितलात.

दुभाषी
मग आता 'स्पिल द बीन्स' कुठे बसतो तेही सांगते, कारण ताईंचा तो प्रश्न तसाच राहिलाय. मांजर आणि बीन्स बऱ्याच ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात. पण कोणी खोदून खोदून विचारलं, दटावलं, लालूच दाखवली आणि मग समोरच्याने सगळं सांगितलं, तर तिथे बीन्स. पोलिसांपुढे चोर बीन्स सांडतो, मांजर सोडत नाही. "कम ऑन, स्पिल द बीन्स!" असा आग्रहही करता येतो. "मांजर सोड ना!" असा आग्रह सहसा कोणी करत नाही, कारण निसटायची गोष्ट आग्रहाने होत नाही. मराठीत त्या ठिकाणी 'भडाभडा सांगून टाकलं' किंवा चोर असेल तर 'पोपटासारखा बोलायला लागला'.

चिंगी
म्हणजे मांजर, दाणे, चहा आणि पोपट. शेवटी हा मांजरांचाच धागा निघाला, मी बरोबर आले होते.

वैनगंगा
सर्वांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

वर्गात मी अर्थाऐवजी प्रसंग देणार आहे. आबांची पंच्याहत्तरी, निविदेतली चोरी, मुलामा दिलेली बांगडी, पोलिसांपुढचा चोर. प्रत्येक प्रसंगाला मराठीत काय म्हणाल ते मुलांनी आधी सांगायचं, इंग्रजी त्यानंतर. मांजराची बाजारातली गोष्ट सांगेन, पण 'अशी एक गोष्ट सांगतात' म्हणून, आणि माणदेशींची शंका सोबत जोडून. आमच्या वर्गात शेळ्या राखणारी मुलं आहेत, ती या शंकेवर तास रंगवतील.

एक व्याकरणाचा प्रश्न राहिला. मुलं 'लेटेड द कॅट' लिहितात. आणि गुपित कशाबद्दलचं ते वाक्यात जोडायचं कसं?

दुभाषी
'लेट'ची तिन्ही रूपं सारखीच, लेट-लेट-लेट. त्यामुळे 'ही लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' हे भूतकाळाचं वाक्य म्हणून बरोबर आहे. विषय जोडायचा तर शेवटी 'अबाउट' लावा : '...आउट ऑफ द बॅग अबाउट द पार्टी'. कोणी फोडलं हे सांगायचं नसेल तर 'द कॅट इज आउट ऑफ द बॅग' म्हणा, मराठीत 'आता सगळ्यांना कळलंच आहे'. मांजर नेहमी एकच, गुपितं चार असली तरी 'कॅट्स' करायचं नाही. आणि 'कॅट'च्या आधी 'द' लागतो. काही मुलं 'हिज कॅट' लिहितात, मग तपासणाऱ्याला खरंच त्याचं मांजर पळालं असं वाटतं.

मिरजेचा_सतारिया
ताई, पेपरात मुलाने 'बातमी फुटली' किंवा 'बोलून बसला' लिहिलं तर मार्क देणार का? तपासणारे दुसरे असले तर गाइडातलंच धरतील.

वैनगंगा
सहामाही मीच तपासते, तिथे पूर्ण मार्क देणार. बाकी इयत्तांचे शिक्षक या शनिवारी बसणार आहेत, तिथे हा धागा छापून नेते. वार्ताहरकाकांचा आणि सराफकट्टांचा प्रतिसाद वाचून दाखवला तर चालेल ना?

सराफकट्टा
जरूर दाखवा. कसोटीचा दगड मुलांना बघायचा असेल तर कळवा, आमच्याकडे जुना एक पडून आहे, पाठवून देतो. आम्ल मात्र पाठवणार नाही.